घाई घेऊन भाबा खिंडीत

आतकरवाडीच्या पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत ५२ मिनिटे, हा माझा सिंहगडाचा आकडा आहे आणि गेली तीन वर्षे कोणी विचारो वा न विचारो, मी तो सांगत आलो आहे. चढ सुमारे ६०० मीटरचा, पाठीवरच्या सॅकमध्ये मुद्दाम भरलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या आणि वय ४८. पुण्यात ही भाषा सर्वांना कळते. गडावर कांदाभजीच्या टोपलीपाशी एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली माणसे "आज किती लागली?" एवढेच विचारतात आणि समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा कमी निघाला की मुकाट्याने दह्याच्या मडक्याकडे वळतात. याच मिनिटांच्या भांडवलावर मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिमाचल प्रदेशातली पिन भाबा खिंड ओलांडायला गेलो आणि पहिल्या तीन दिवसांतच ते भांडवल जवळजवळ संपले.

हिमालयात जाऊन आलेल्या पुणेकराला पहिला प्रश्न "कोणते शिखर केले?" हाच विचारला जातो. गिरिप्रेमीच्या गिर्यारोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट आणि २०१९ साली कांचनजंगा सर केल्यापासून तर आमच्या सोसायटीतल्या वाहनतळावरही याहून कमी काही चालत नाही. शिखर नाही, खिंड, असे सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. वास्तविक खिंडीचे मोल सह्याद्रीत फिरणाऱ्याला समजावून सांगावे लागू नये. नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख आहेत आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, तो काही तिथून दृश्य चांगले दिसते म्हणून नव्हे. माणसे, मीठ, धान्य आणि मेंढरे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जायची ती त्या खिंडीतून. फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी देशावर परततात. भाबाच्या खोऱ्यातले मेंढपाळ उन्हाळ्यात वरच्या कुरणांकडे चढतात आणि बर्फ पडण्याआधी खाली येतात. ऋतू उलटे आहेत, उद्योग तोच.

भाबा खिंड सुमारे ४,९०० मीटर उंचीवर आहे. तिच्या अलीकडे किन्नौरमधले भाबा नदीचे हिरवे खोरे आहे आणि पलीकडे स्पितीमधले पिन नदीचे उघडेबोडके खोरे. काफनू या गावापासून मुद या गावापर्यंतचे अंतर सुमारे ५० किलोमीटर भरते आणि मधे एकही गाव लागत नाही. नकाशा पाहताना मला एका गोष्टीची गंमत वाटली. आपल्या सह्याद्रीच्या धारेवर पडलेल्या पावसाचा पश्चिमेकडचा थेंब अरबी समुद्राला मिळतो आणि पूर्वेकडचा भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातो, पण भाबा खिंडीच्या दोन्ही बाजूंचे पाणी शेवटी एकाच सतलजला मिळते. भाबा नदी वांगतूपाशी सरळ सतलजमध्ये उतरते, तर पिन नदी आधी स्पिती नदीला भेटते आणि स्पिती नदी खाबजवळ सतलजला. इतका मोठा वळसा घालून दोन सख्ख्या बहिणी एकाच घरी नांदायला याव्यात, तसा हा प्रकार आहे.

आम्ही चौघे होतो. एक संगणक अभियंता, शाळेत भूगोल शिकवणारी त्याची पत्नी, मी, आणि बँकेतून निवृत्त झालेले ६३ वर्षांचे आमचे अण्णा. अण्णांचा सराव म्हणजे रोज हनुमान टेकडी आणि वर्षातून एकदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा एकच टप्पा. निघण्याच्या आदल्याच दिवशी ते दिवेघाट चढून आले होते, त्यांच्या टाचेला फोड होता, आणि मला मनातून त्यांचीच काळजी वाटत होती. ही काळजी मी गाडीत बोलूनही दाखवली, हे आज लिहिताना कानकोंडे वाटते.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने अंबाला, तिथून भाड्याच्या गाडीने शिमला, नारकंडा, रामपूर आणि सतलजच्या काठाकाठाने वांगतू, हा प्रवास मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात धूळ, दरडी आणि परोठे यांखेरीज सांगण्यासारखे फारसे नाही. वांगतूला मुख्य रस्ता सोडला की गाडी भाबा खोऱ्यात शिरते. काफनू सुमारे २,४०० मीटरवर आहे. तिथे सफरचंदाच्या बागा आहेत आणि १२० मेगावॉटच्या संजय जलविद्युत प्रकल्पासाठी भाबा नदीचे पाणी अडवलेला छोटासा जलाशय आहे. त्या जलाशयापासूनच वाट सुरू होते. आमचा वाटाड्या त्याच खोऱ्यातला, तिशीतला, हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी घातलेला, कमी बोलणारा तरुण होता. त्याने आमच्या सॅक उचलून पाहिल्या, बुटांचे तळवे पाहिले आणि माझ्या पोटऱ्या पाहून पसंतीची मान हलवली. मी खूश झालो.

पहिल्या दिवशी काफनूहून मुलिंगला जायचे होते. सुमारे ८५० मीटरचा चढ, देवदाराचे जंगल, मग विरळ होत गेलेली झाडी आणि शेवटी भोजपत्राची पांढऱ्या सालीची झाडे. वाट रुंद, सावली भरपूर, हवा गार. राजगडाच्या पाली दरवाजाच्या वाटेवर घाम गाळलेल्या माणसाला ही वाट म्हणजे मेजवानीच होती. मी माझी नेहमीची चाल धरली आणि इतरांपेक्षा सव्वा तास आधी मुलिंगच्या कुरणावर पोचलो. बूट काढून, गवतावर पाय पसरून, चिक्की खात बसलो. सर्वांत शेवटी अण्णांना घेऊन वाटाड्या आला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारले, "सर जी, गाडी पकड़नी थी क्या?"

त्याला कल्पना नव्हती, पण त्याने नेमके बोट ठेवले होते. सह्याद्रीतल्या घाईला कारणे असतात. ऊन डोक्यावर येण्याच्या आत कातळटप्पा पार करायचा असतो, पाणी फक्त वरच्या टाक्यात मिळणार असते, आणि परतताना पायथ्याच्या गावातून सुटणारी शेवटची एसटी चुकली की मुक्काम देवळात होतो. शिवाय आपला सगळा खेळ हजार-दीड हजार मीटरच्या आतला आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे. तिथे छाती भरून येते ती चढामुळे, हवेमुळे नव्हे. एकाच दिवसात पायथा, माथा आणि परत घर हे गणित तिथे बरोबर आहे, आणि ते वीस वर्षे केल्यावर पायांना दुसरे गणित येत नाही.

हिमालयातले गणित रक्ताचे आहे. हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते, मात्र हवेचा दाब उंचीबरोबर उतरतो. ४,९०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ५५ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू जवळजवळ निम्मा होतो. शरीर त्यावर पहिला उपाय करते तो जोरजोराने श्वास घेण्याचा. पण जास्त श्वास घेतला की कर्बवायू जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता बदलते, आणि ते संतुलन सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी याच कामाला मदत करते, म्हणून ती घेतल्यावर रात्री तंबूची चेन वारंवार उघडावी लागते. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. या कशाचाही पोटऱ्यांशी संबंध नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये हा नियम मॅरेथॉन धावणाऱ्यालाही तितकाच लागू आहे, आणि दमदार माणसाला त्रास होण्याची शक्यता कमी नसते, कारण तो दमछाक न होता चुकीच्या उंचीवर लवकर पोचू शकतो. हे सगळे मी पुण्यातच वाचले होते. भूगोलाच्या बाईंनी तर गाडीत आकृती काढून समजावले होते. पण वाचलेले डोक्यात राहते आणि चाल पायांत असते.

मुलिंगच्या पुढे खोरे रुंद होते. दुसऱ्या दिवशीचे चालणे थोडेच होते, कारा नावाच्या पठारापर्यंत. तिथे भाबा नदी अनेक शिरांमध्ये फाटून गवतातून वाहते, मेंढ्यांचे कळप पांढऱ्या ठिपक्यांसारखे उतारावर पसरलेले असतात आणि दोन्ही बाजूंच्या हिमनद्यांचे पाणी ओहोळांतून उतरत राहते. एका मेंढपाळाने आमच्या भूगोलाच्या बाईंना बसायला आपला जाड लोकरीचा अंगरखा अंथरून दिला. अण्णांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि "आपल्या घोंगडीचा थोरला भाऊ" असा निर्वाळा दिला.

ते पाणी ओलांडायचे होते तिसऱ्या दिवशी, भल्या सकाळी. दिवसा ऊन तापले की बर्फ वितळून दुपारी ओढ्यांना फुगवटा येतो, तर रात्रीच्या गारठ्यानंतर पहाटे पाणी सर्वांत कमी असते; म्हणून हिमालयात नदी सकाळी ओलांडतात. बूट आणि मोजे काढून गळ्यात अडकवायचे, पायांत सँडल घालायच्या, विजार गुडघ्याच्या वर दुमडायची आणि हातांत हात गुंफून, तोंड प्रवाहाकडे करून, एकेक पाऊल आडवे सरकवायचे. पहिल्या पाच सेकंदांत थंडी वाजते. दहाव्या सेकंदाला थंडी जाऊन वेदना सुरू होते, घोट्याच्या हाडात कोणी पकडीने पिळते आहे अशी. विसाव्या सेकंदाला वेदनाही जाते आणि पाऊल आपले नसतेच. खाली दगड आहे की वाळू, हे वरून डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते. पलीकडच्या काठावर मी पंच्याने पाय पुसले, तेव्हा नडगीपर्यंत कातडी गाजरासारखी लाल झाली होती आणि करंगळीचे नख निघाले होते. ते कधी निघाले, हे मला समजलेच नव्हते.

त्याच दुपारी मी फुस्तिरंगला, सुमारे ४,१०० मीटरवर, पुन्हा सर्वांच्या आधी पोचलो, आणि पोचल्यावर तासाभरातच डोके दुखू लागले. कपाळापासून मागे मानेपर्यंत, वाकले की ठणका मारणारे दुखणे होते ते. जेवणाची वेळ झाली आणि राजम्याचा वास आला तेव्हा मळमळले. मी कोणाला काही बोललो नाही. सॅकच्या खालच्या कप्प्यातून पॅरासिटामॉलची गोळी काढून तंबूत पाठ फिरवून गिळली आणि "भूक नाही, दुपारी चिक्की जास्त झाली" असे सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे खिंडीकडे निघायचे होते; माझ्यामुळे चौघांचा दिवस फुकट जावा हे मला नको होते, असे कारण मी स्वतःला दिले. खरे कारण ५२ मिनिटांचे होते. मी सांगितले असते तर सिंहगडावरच्या भज्यांच्या टोपलीपाशी ते मलाच पुन्हा सांगावे लागले असते.

रात्री झोप अशी लागलीच नाही. डोळा लागला की दचकून, गुदमरल्यासारखे होऊन जाग यायची. माझ्या तंबूत अण्णा होते. त्यांनी नंतर सांगितले की मी भराभर श्वास घ्यायचो, मग तो मंदावत थांबायचा, पंधरा-वीस सेकंद काहीच ऐकू यायचे नाही, आणि पुन्हा एकदम सुरू व्हायचा. उंचीवर झोपेत असा लयबद्ध खंडित श्वास पुष्कळांना होतो आणि तो बहुधा धोक्याचा नसतो. मेंदूला कर्बवायू कमी दिसला की तो श्वासाची आज्ञा काही क्षण थांबवतो. पण शेजारी झोपलेल्या माणसाला हे शास्त्र ठाऊक नसले, तर त्याची रात्र कशी जात असेल! अण्णा प्रत्येक वेळी मोजत होते आणि वीसच्या पुढे गेले की माझा खांदा हलवत होते.

पहाटे तीन वाजता वाटाड्या चहा घेऊन आला. तो प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून वहीत आकडा लिहीत असे. अण्णा ८६. अभियंता ८४. त्याची पत्नी ८७. मी ७४. त्याने दुसरे बोट घेतले, ते चोळून गरम केले, पुन्हा लावले. ७५. मग त्याने माझ्या हातातल्या चहाच्या पेल्याकडे पाहिले. तो तसाच भरलेला होता. त्याने मला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावले. ते मला जमले, म्हणजे मेंदूपर्यंत काही गेलेले नव्हते. खोकला नव्हता, म्हणजे फुप्फुसांतही पाणी नव्हते. मग त्याने विचारले, "सर दर्द कब से है?" "आहे का?" असे त्याने विचारलेच नाही. मी सांगून टाकले. गोळीचेही सांगितले.

त्याने आरडाओरड केली नाही. आज कोणी वर जाणार नाही, दिवसभर इथेच, संध्याकाळी उतार पडला नाही तर मला काराला खाली नेणार, एवढे सांगून तो स्वयंपाकाच्या तंबूत गेला. कार्यक्रमात एक दिवस राखीव ठेवलेला होता, तो असा खर्ची पडला. अभियंत्याचा चेहरा उतरला, कारण त्याचे परतीचे तिकीट घट्ट होते. मी माफी मागू लागलो, तेव्हा अण्णा स्लीपिंग बॅगमधून मान बाहेर काढून म्हणाले, "अरे, सिंहगडाला बावन्न मिनिटं लावतोस, इथं बावन्न तास लागले तर काय आभाळ कोसळणार आहे? झोप आता. आणि परत श्वास बंद केलास तर मी दर वेळेला मोजणार नाही."

त्या सक्तीच्या विश्रांतीच्या दिवशी मला वाचवले ते मेतकुटाने. उंचीवर भूक मरते आणि न खाल्ले तर अवस्था आणखी बिघडते, हे आचाऱ्याला माहीत होते. पण तो जे जे आणत होता ते पाहूनच पोटात ढवळत होते. भूगोलाच्या बाईंच्या सॅकमध्ये घरचे मेतकूट आणि तुपाची छोटी बरणी होती. त्यांनी आचाऱ्याला गुरगुट्या भात करायला सांगितला. ४,१०० मीटरवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तांदूळ कितीही वेळ ठेवला तरी कणी राहते आणि डाळीचे तर नावच नको. तिथला सगळा स्वयंपाक कुकरवर चालतो. (चहाला रंग येत नाही तोही याचमुळे, आचाऱ्याच्या पत्तीला आम्ही चार दिवस उगीच नावे ठेवत होतो.) सात-आठ शिट्ट्यांनंतर तो भात हवा तसा झाला. त्यावर तूप, मेतकूट, मीठ. पहिला घास मी भीतभीत घेतला, आणि मग ताटली पुसून खाल्ली. वाटाड्याने चिमूटभर मेतकूट तळहातावर घेऊन हुंगले, "ये आपका सत्तू है?" असे विचारले आणि स्वतःसाठीही थोडा भात वाढून घेतला. दुपारी डोके हलके झाले. संध्याकाळी बोटावर ८२ आले. रात्री अण्णा घोरले, म्हणजे मी व्यवस्थित श्वास घेत असणार.

निघण्यापूर्वी वाटाड्याने मला आपल्या मागे दुसऱ्या क्रमांकावर उभे केले, अण्णांना तिसऱ्या. पुढे जायचे नाही, एवढी एकच सूचना होती. पहाटे चारला, डोक्याला दिवे बांधून, बुटांवर दातेरी साखळ्या चढवून आम्ही निघालो. बर्फ रात्री गोठून टणक झालेले असते तोवरच त्यावर चालण्यात अर्थ असतो. ऊन चढले की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. वाटाड्या बुटाच्या टोकाने बर्फात ठोकर मारून पायरी करायचा आणि आम्ही तीच पायरी वापरायची. त्याची चाल इतकी संथ होती की सुरुवातीला माझा तोल जात होता, जशी सायकल अगदी हळू चालवली की डुगडुगते तशी. मग मी त्याच्या पायांकडे नीट पाहिले. प्रत्येक पावलाला तो मागचा गुडघा पूर्ण सरळ करत होता आणि क्षणभर सगळा भार त्या सरळ पायाच्या हाडावर ठेवून थांबत होता. पुढच्या पायाचे स्नायू तेवढ्या वेळात मोकळे राहत होते. पाऊल, विसावा, श्वास. पाऊल, विसावा, श्वास. म्हणजे तो थांबत थांबत चालत नव्हता, तर त्याच्या प्रत्येक पावलातच थांबा होता, आणि म्हणून त्याला कुठे बसावे लागत नव्हते.

"चलते-चलते बात कर सको, बस वही चाल," तो मागे न पाहता म्हणाला. यावर अण्णांनी मागून विचारले, "बोलायला काय, गाऊ का?" आणि ते खरोखरच गुणगुणू लागले. दिवेघाटात वारकरी हेच करतात, असे त्यांनी वर गेल्यावर सांगितले. डोईवर तुळस, हातात टाळ, तोंडी अभंग, आणि वय सत्तर. ज्या चालीने चढता चढता अभंग म्हणता येतो, त्या चालीच्या पुढे दिंडीतले कोणी जात नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर तीन आठवड्यांत असेच सरते. मी दिवेघाट कित्येकदा पाहिला आहे, तोही मोटारसायकलवरून, पालखीमुळे वाहतूक वळवली म्हणून चरफडत.

नऊच्या सुमारास चढ संपला. खिंड म्हणजे दगडांचे रचलेले ढीग, त्यांवर फडफडणाऱ्या मंत्रपताका आणि दोघांनी शेजारी उभे राहिले की तिसऱ्याला मागे सरकावे लागेल अशी चिंचोळी धार. वारा इतका की एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावे लागत होते. ज्या बाजूने आम्ही आलो तिकडे बर्फ, त्याखाली ढग, ढगांच्या फटीत काराच्या कुरणाची हिरवी चिंधी. समोर, स्पितीच्या बाजूला, ढग नव्हतेच. तांबूस, करडे, जांभळट, पिवळे डोंगर, एकाही झाडाविना, निळ्याभोर आकाशाखाली. भूगोलाच्या बाई माझ्या कानात ओरडल्या, "दादा, ताम्हिणी आणि इंदापूर!" पर्जन्यछायेचे याहून चांगले वर्णन मी ऐकलेले नाही. ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम सातशे उरतो आणि इंदापूरकडे त्याहून कमी. आपल्याकडे हा बदल गाडीच्या खिडकीतून तासा-दोन तासांत हळूहळू होतो. इथे तो मान वळवली की होत होता.

उतरणे सुरू झाले आणि माझा दिवस फिरला. स्पितीच्या बाजूला बर्फाचा एक पट्टा संपल्यावर खाली शेकडो मीटर सुटी खडी होती, पाटीच्या तुकड्यांसारखे चपटे, निसटणारे दगड. अभियंता पहिल्या दहा पावलांत दोनदा बसला. मला मात्र हसू आले, कारण हा साक्षात घसारा होता. तोरण्याच्या सोंडेवर मे महिन्यात उतरलेल्या कोणालाही तो ओळखता आला असता. टाच आधी रोवायची, गुडघे सैल सोडायचे, भार मागे न टाकता उताराबरोबर ठेवायचा, खडी सरकली की तिच्याबरोबर वीतभर सरकायचे आणि मगच दुसरे पाऊल. मी अभियंत्याचा हात धरून त्याला खाली आणले, मग परत वर जाऊन त्याच्या पत्नीची सॅक आणली. वाटाड्या खाली एका धोंड्यावर बसून पाहत होता. "उतरना अच्छा सीखा है," तो म्हणाला. पाच दिवसांत त्याने केलेली ही माझी पहिली स्तुती.

मुक्काम मंगरुंगसेला झाला आणि दुसऱ्या दिवशी पिन नदीच्या काठाने मुदपर्यंतची लांबलचक, जवळजवळ सपाट वाट. हा भाग १९८७ साली स्थापन झालेल्या पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानालगतचा; इथे हिमबिबट्या आणि आयबेक्स आहेत, आम्हाला आयबेक्सच्या लेंड्या दिसल्या आणि त्यावर आम्ही समाधान मानले. वाटेत कोणा मोठ्या गटाने नूडल्सची रिकामी पाकिटे दगडाखाली खोचून ठेवली होती, जणू दगडाखाली ठेवले की कचरा नाहीसा होतो. वाटाड्याने ती न बोलता गोळा केली आणि मीही, तितकेच न बोलता.

खडक मात्र पाहत राहावे असे होते. आपण पुणेकर एकाच काळ्या कातळावर वाढतो. बसाल्टचे थर, मधे तांबड्या मातीची रेघ, पुन्हा बसाल्ट. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला, आणि भारताचे भूखंड आशियावर आदळून हिमालय उचलला जाऊ लागला तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सिंहगडाचा दगड तयार होता तेव्हा हिमालय हा पर्वत नव्हता. पण हिमालयात जो माल उचलला गेला तो फार जुना आहे. स्पितीचे हे रंगीत थर टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत आणि काळ्या शेल खडकात शंखासारख्या अमोनाइटचे जीवाश्म सापडतात. मुदच्या आसपास डोंगरात जो पांढरट पट्टा दिसतो त्याला भूगर्भशास्त्रात याच गावावरून 'मुथ क्वार्टझाइट' म्हणतात. ती सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीची समुद्रकाठची वाळू. भूगोलाच्या बाई त्या पट्ट्यासमोर अर्धा तास उभ्या राहिल्या, आणि तो अर्धा तास मला मुळीच जड गेला नाही.

मुद लांबूनच दिसते, कारण त्या तपकिरी मुलखात हिरवा रंग तेवढाच आहे: वाटाण्याची आणि सातूची शेते, त्यांना पाणी नेणारे पाट, चुन्याने पांढरी केलेली घरे. एका घराच्या अंगणात बसून आम्ही चहा घेतला. चहाला रंग नव्हता आणि या वेळी कोणी नावे ठेवली नाहीत. आम्हाला काझाहून आलेली गाडी घ्यायला येणार होती. पुढे कुंझुम खिंड, अटल बोगदा, मनाली, असा रस्ता.

वाटाड्या मात्र गाडीने येणार नव्हता. त्याची पुढची तुकडी तीन दिवसांनी काफनूहून निघणार होती आणि रस्त्याने सगळ्या किन्नौरला वळसा घालत जाण्यापेक्षा त्याला खिंड जवळ होती. दोन दिवसांत पोचेन, असे तो म्हणाला. आम्हाला राखीव दिवस धरून सहा लागले होते. भूगोलाच्या बाईंनी उरलेले मेतकूट त्याला दिले आणि भात कसा करायचा तेही पुन्हा एकदा सांगितले, शिट्ट्यांसकट. त्याने पाकीट टोपीत गुंडाळून सॅकमध्ये ठेवले, आम्हा सर्वांना, आणि अण्णांना जरा जास्तच वाकून, नमस्कार केला आणि तो आल्या वाटेने परत निघाला. मी त्याच्या पायांकडे पाहत होतो. इथे चढ नव्हता, उंची खिंडीपेक्षा हजारभर मीटरने कमी होती, पाठीवर ओझे थोडे होते आणि मागे सांभाळायला कोणी नव्हते. तरीही दोन दिवसांत खिंड ओलांडायला निघालेल्या त्या माणसाची चाल आम्हाला घेऊन चढताना होती तीच होती.